झेडपी शाळेतली मुलं अभ्यासात मागे का पडतात? भोर तालुक्यात बदली झालीये, मुलीला तिथे दुसरीत घालू का?

वेल्हे तालुक्यात (आता राजगड म्हणतात) ६ वर्षं झेडपीला शिकवलंय, आता धायरीत राहते. हा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, २९ पोरं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) नियमात ६० पोरांपर्यंत दोनच शिक्षक, म्हणजे सगळी पदं भरलेली असली तरी चार वर्ग दोघांत. त्यात सरांना बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं, काम लागलं की चारही वर्ग माझ्याकडे, एकाच खोलीत, वर ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराचा तांदूळ मोजा.

दुसरीत एक पोरगी होती, चौथीचा धडा धडाधड म्हणायची, पुस्तक समोर धरून, ओळीवरून बोट सरकवत. शाळा तपासायला केंद्रप्रमुख आले तेव्हा मी तिलाच उभं केलं, शाबासकीही मिळाली. फेब्रुवारीत एकदा सहज त्याच धड्यातल्या 'विहीर' या शब्दावर बोट ठेवलं, हा कुठला गं? ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग धडा पहिल्यापासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत यायला बघायला लागली. तिला वाचताच येत नव्हतं! शेजारी चौथीची पोरं रोज मोठ्याने वाचायची ते ऐकून तिनं अख्खा धडा पाठ केला होता. एवढं डोकं असलेली पोरगी आणि मला आठ महिने कळलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

मग रोज शाळा भरायच्या आधी अर्धा तास, फरशीवर खडूने अक्षरं, घरच्यांची नावं, गायीचं नाव. जुलैत आवणीला (भातलावणीला) पंधरा दिवस ती आलीच नाही, परत आली तर जोडाक्षरं विसरलेली, पुन्हा सुरुवात. दिवाळीच्या आत एसटीची पाटी वाचली, 'स्वारगेट', आणि ओरडली, बाई, स ला व जोडलाय!

माझी जाऊ अजून ऐकवते की झेडपीच्या पोरांना डोकंच नसतं. तिच्या पोरांना सिंहगड रोडला एका वर्गाला एक बाई, वर ट्यूशन, घरी आई अभ्यास घेणार. तेवढं आमच्या पोरांना द्या आणि मग बोला.

तुमच्या मुलीला घाला बिनधास्त. फक्त रंगरंगोटी आणि टॅब बघू नका, शिक्षक किती आणि त्यातले रोज हजर किती ते बघा, आणि घरी तिला कधी न बघितलेलं पान वाचायला द्या, पाठ झालेलं नको. कामचुकार शिक्षक असतात, नाही म्हणत नाही. शिरूर तालुक्यातली वाबळेवाडीची नावाजलेली शाळापण झेडपीचीच आहे, पण तिथे गावकरी पाठीशी उभे राहिले. माझा अनुभव वेल्ह्याचा, तुमच्या गावात वेगळं असू शकतं. आणि शाळा चौथीपर्यंतच असेल तर पुढची कुठे आहे ते आत्ताच विचारून ठेवा, आमची ती पोरगी पाचवीला रोज ४ किलोमीटर चालत जायची.