काचबिंदूच्या ऑपरेशनची वाट परत बुजायली, जीनचं औषध यायची वाट बघावी का?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही परळीजवळच्या गावचे. वडलांचं काचबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर झालं, सुरुवातीला डोळ्याचं प्रेशर १२ होतं, आता २६ दाखवायलंय. डॉक्टर म्हणले जखम आतून भरून आली, सुईनं मोकळं करू. पण भाच्यानं मोबाईलवर वाचलं की जीन शांत करायचं औषध निघालंय, त्यानं व्रणच होत नाही म्हणे. मग सुईचं थांबवावं का? आणि जीनला हात लावल्यावर पुढं काही उलटं व्हायचं नाही ना?

उत्तर : ताई, थांबू नका, आधी सुईचं करून घ्या. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही आणि भाच्यानं वाचलेलं औषध अजून कुठल्याच दवाखान्यात मिळत नाही. पण त्यानं वाचलं ते खोटं नाही, म्हणून नीट सांगतो.

या ऑपरेशनात डोळ्यातलं पाणी निघायला वरच्या पापणीखाली बारीक वाट करतात, तिथं छोटा फुगा येतो, त्याला आम्ही ब्लेब म्हणतो. १९६८ पासून हेच चालू आहे. अडचण अशी की शरीराला ती वाट म्हणजे जखमच वाटते, मग टीजीएफ-बीटा नावाचा निरोप सुटतो, तिथल्या पेशी कोलॅजनचे (व्रणाचे) धागे विणत बसतात आणि वाट बुजते. म्हणून ऑपरेशनातच मायटोमायसिनचा बोळा दोन-तीन मिनिटं ठेवतात. हे मुळात कॅन्सरचं औषध, समोर येईल त्या पेशीला मारतं, त्यामुळं कधी फुगा पातळ पडून गळतो, कधी वर्षांनी इन्फेक्शन होतं.

जीन शांत करायचं म्हणजे जीन बदलायचं नाही बरं का. जीन म्हणजे घरातली मूळ वही समजा, पेशी तिच्यावरून चिठ्ठी उतरवून घेते आणि त्याप्रमाणं काम करते, तर एसआयआरएनए हा बारीक तुकडा फक्त ती चिठ्ठी फाडतो, वहीला धक्का लागत नाही आणि काही दिवसांनी असर आपोआप उतरतो. व्रणाचा जोर पहिल्या काही महिन्यांतच जास्त असतो, म्हणून मला हा मार्ग डोळ्यासाठी फार योग्य वाटतो. फायर आणि मेलो या शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये ही गोष्ट किड्यात दाखवली, २००६ मध्ये नोबेल मिळालं, २०१८ मध्ये नसांच्या एका आनुवंशिक आजारावर असं पहिलं औषध अमेरिकेत मंजूरही झालं. डोळ्यासाठी लंडनच्या संशोधकांनी व्रणाला जोर देणाऱ्या एमआरटीएफ-बी या जीनची चिठ्ठी फाडणारे तुकडे चरबीच्या सूक्ष्म कणांत गुंडाळून सशांना दिले (असा तुकडा उघडा दिला तर शरीरात लगेच तुटतो), तर ब्लेब जास्त दिवस टिकला.

पण ससा म्हणजे माणूस नाही. टीजीएफ-बीटा अडवणारं लेरडेलिमुमॅब नावाचं एक औषध, तेही सुरुवातीला चांगलं वाटलेलं, माणसांवरच्या मोठ्या चाचणीत २००७ मध्ये फेल गेलं, म्हणून मी कुणाला उगी आशा लावत नाही.

सुईनं भागलं नाही तर डोळ्यातलं पाणी बाहेर काढणारा व्हॉल्व्ह किंवा ट्यूब बसवता येते, मदुराईच्या ऑरोलॅबची आपली देशी ट्यूब परदेशीपेक्षा बरीच स्वस्त पडते, डॉक्टरांना जरूर विचारा. स्टिरॉइडचे थेंब सांगितले असतील तर बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका, वेचणीच्या दिवसांत शेतात धूळ उडती तेव्हा गॉगल लावायला सांगा, डोळा चोळू देऊ नका. डोळा लाल झाला, चिपडं आली, दुखायला लागला की त्याच दिवशी अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजात दाखवा, सकाळची वाट बघू नका. आणि तुमचं नि भावांचं वय चाळिशीच्या पुढं असलं तर तुम्ही सगळ्यांनी प्रेशर आणि पडदा तपासून घ्या, हा आजार घराण्यात चालतो.