माझ्या स्केटबोर्डचा डेक (उभं राहायची फळी) ८.५ इंची रुंद आहे. कार्व्हिंग (झुकून घेतलेली मोठी वळणं) आणि बोलसाठी (वाटीसारखा खोलगट स्केटपार्क) कोणते ट्रक (फळीखाली चाकं धरणारे धातूचे भाग) घेऊ? मुंबईत राहतो.

दोन्ही करायचं असेल तर स्केटबोर्डचे नेहमीचे ट्रकच घ्या. लाँगबोर्डचे रिव्हर्स किंगपिन ट्रक (ज्यांचा किंगपिन, म्हणजे मधला मोठा बोल्ट, उलट दिशेला असतो) रस्त्यावर वळायला मस्त, पण ते उंच असतात आणि बोलच्या कोपिंगवर (वरच्या कडेवर) ग्राइंड करताना, म्हणजे ट्रक घासत सरकताना, त्रास देतात.

रुंदी डेकइतकी हवी. तुमच्या डेकला इंडिपेंडंट कंपनीचा १४९ नंबरचा ट्रक बरोबर बसेल, त्याचा अ‍ॅक्सल (चाकांचा दांडा) ८.५ इंचीच आहे. पुढे पावणेनऊ इंची डेक घेतलात तर १५९.

पण बोर्ड वळतो कसा, हे ब्रँडपेक्षा बुशिंगवर (किंगपिनवरच्या रबरासारख्या कड्यांवर) ठरतं. वजन साठ किलोच्या आत असेल तर ८८ए (बुशिंगच्या कडकपणाचं माप, आकडा मोठा तितकं कडक) घालून बघा, जास्त असेल तर ९२ए. कडक बुशिंग तसंच ठेवून नुसता किंगपिनचा नट ढिला करू नका. ट्रक खुळखुळतो आणि वळणातून बाहेर पडताना सरळ येत नाही. वरचा वॉशर बोटांनी फिरायला लागला, तर नट जास्तच सैल आहे.

बोलसाठी ५६-५८ मिमीची चाकं लावणार असाल तर १/८ इंची रायझर (ट्रक आणि डेकमधली पट्टी) घालाच. खोल कार्व्हमध्ये चाक डेकला टेकलं की बोर्ड जागीच थांबतो आणि तुम्ही पुढे फेकले जाता! डेकच्या खालच्या बाजूला चाक घासल्याची खूण दिसतेय का, तेही अधूनमधून तपासा.

आणि कार्टर रोडसारख्या ठिकाणी खारी हवा असते. पावसाळ्याआधी किंगपिनच्या आट्यांना थेंबभर तेल द्या, बुशिंगला मात्र लागू देऊ नका. नट गंजून बसला की पान्यानंही हलत नाही.