लहान मुलांच्या मालिकेतलं कार्टून पात्र कसं घडतं?

देवगडच्या खाडीतल्या खेकड्याचं कार्टून करायचंय, सुरुवात चित्रापासून करू का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आधी स्वभाव. त्याला काय हवंय, कशाची भीती वाटते, हे दोन ओळींत लिहा. चित्र त्यातूनच सुचतं.

मग ओहोटीला कांदळवनाच्या चिखलाशी जाऊन बसा. तिथे एका जातीच्या छोट्या खेकड्यांत नराची एकच नांगी भली मोठी असते आणि मादीला बोलवायला तो ती सारखी हलवत राहतो. हात हलवणारं पात्र आयतंच मिळालं! आकृती पूर्ण काळी रंगवून बघा. नुसत्या सावलीवरून पोरांनी ओळखलं पाहिजे. रेषा कमीच ठेवा. आपल्याकडे टीव्हीला सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या स्थिर प्रतिमा, लागतात; एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी बारा-तेरा चित्रं झाली.

पुढे मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं ते दाखवणारा नमुन्याचा कागद: समोरून, बाजूने, पाठून, शिवाय राग, हसू, रडू. म्हणजे दहा चित्रकारांच्या हातून एकच खेकडा उतरतो. आवाज बहुधा आधी रेकॉर्ड करतात आणि तोंडाची हालचाल त्यावर जुळवतात. त्याला मालवणीच बोलू द्या, फार गोड वाटेल.