स्वस्तातली लाकडाची शेगडी: पैसे कुठे घालावेत?

प्रश्न : पानशेतजवळ आमचे पत्र्याच्या छपराचे घर आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडते आणि विजेचा भरवसा नसतो. १२ × १५ फुटांची, १० फूट उंचीची खोली उबदार ठेवायला काश्मीरकडच्या बुखारीसारखी शेगडी स्वस्तात करून घेता येईल का?
— एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर : येईल, एखादा चांगला फॅब्रिकेटर ती करून देईल. काटकसर करायची ती काचेच्या दारात आणि नक्षीत करा, धुराड्यात मुळीच नको.

आधी आकार. तुमची खोली सुमारे ५१ घनमीटर भरते. १४ घनमीटरला १ किलोवॉट या ढोबळ हिशेबाने साडेतीन-चार किलोवॉटची शेगडी पुरे. कोरड्या लाकडात किलोमागे साधारण ४ युनिट उष्णता असते. त्यातली निम्मी खोलीत आली, तरी तासाला दोन किलोच्या आत भागेल. 'असू द्या मोठी' म्हणून मोठी घेऊ नका. ती सतत हवा कोंडून धुमसत ठेवावी लागते, धूर वाटेतच गार होतो, धुराड्यात डांबर साचते आणि एक दिवस तेच पेट घेते.

पेटी ४ मिमी पत्र्याची, आत भट्टीच्या विटा. पातळ पत्रा तापून वाकतो. दाराला काचतंतूची दोरी लावून घ्या. ताब्यात घेण्याआधी दारात कागदाची पट्टी धरून ते बंद करा. पट्टी सहज ओढली गेली तर दार हवा खाते आहे, आग आवरणार नाही.

धुराडे ६ इंची काळ्या लोखंडी पाइपचे, शक्यतो सरळ वर जाणारे. गॅल्व्हनाइज्ड पाइप नको, तापल्यावर जस्ताची वाफ बाधते. एकूण उंची १५ फूट. छपरावर किमान ३ फूट, आणि १० फुटांच्या टप्प्यातल्या कशाहीपेक्षा २ फूट वर. उंची कमी पडली की ओढ बसत नाही, दार उघडताच खोलीत धूर. पाइपच्या वरच्या तुकड्याचे टोक खालच्याच्या आत बसवा. बहुतेकदा नेमके उलटे जोडले जाते आणि डांबर सांध्यातून बाहेर ओघळते. पाइपपासून लाकडी वासे दीड फूट, शेगडीपासून पडदे-गाद्या ३ फूट लांब हव्यात.

लाकूड बाभळीचे उत्तम. फोडून, पावसाळाभर छपराखाली रचून ठेवलेले. ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. रंगवलेली फळी किंवा प्लायवूड कधीही जाळू नका. खिडकी बोटभर उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि निखारे असेतो धुराड्याची झडप पूर्ण बंद करू नका.

प्रश्न : घरात जुना तांब्याचा बंब आहे. तोच खोलीत पेटवला तर ऊब मिळणार नाही का?
— एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : कृपा करून असे करू नका. बंबाच्या मधल्या नळीतून निघणारा धूर आणि कार्बन मोनॉक्साइड थेट खोलीतच सुटतो. बंद न्हाणीघरातही तोच धोका. बंब अंगणात, आडोशाला लावा आणि पाणी भरल्याशिवाय पेटवू नका, नाहीतर आतली कल्हई जाते, सांधे सुटतात.