'दलाली' नेमकी कशाला म्हणावे?

रोख्यांच्या (शेअर, कर्जरोखे इत्यादींच्या) व्यवहारात पेढीला ग्राहकाकडून जे मिळते, त्या सगळ्यालाच 'दलाली' म्हणावे का, असा प्रश्न आहे. माझ्या मते म्हणू नये, कारण एकच पेढी दोन अगदी निराळ्या नात्यांनी व्यवहार करू शकते आणि 'दलाली' त्यांपैकी एकाच नात्याला शोभते.

'दलाल' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला असून त्याच्या मुळाशी वाट दाखवणे हा अर्थ आहे. घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून देणारा, स्वतः मालाचा मालक न होणारा, तो दलाल. पेढी ग्राहकाच्या वतीने बाजारात शेअर घेते, तेव्हा ती हेच काम करते. तिचा मोबदला किमतीहून वेगळा दाखवला जातो आणि तोच दलाली होय.

पण पेढी पदरचे रोखे ग्राहकाला विकते, तेव्हा ती समोरचा पक्ष असते. 98 रुपयांना घेतलेला रोखा तिने 100 रुपयांना दिला, तर वरचे 2 रुपये किमतीतच मिसळलेले असतात. त्यांना 'भावफरक' म्हणावे. 'दलाली' म्हटले की पेढी आपल्या बाजूने उभी होती असा चुकीचा समज होतो. 'शून्य दलाली' याचा अर्थ 'शून्य खर्च' असा होत नाही, तो याचमुळे.

अमेरिकेच्या 1934च्या रोखे बाजार कायद्यात इतरांच्या खात्यासाठी व्यवहार करणारा तो 'ब्रोकर' आणि स्वतःच्या खात्यासाठी खरेदी-विक्री करणारा तो 'डीलर' अशी फोड आहे. लंडनच्या शेअर बाजारात तर ब्रोकर आणि जॉबर (स्वतःच्या खात्यासाठी खरेदी-विक्री करणारा) ही माणसेच वेगळी असत. ही सक्तीची विभागणी 27 ऑक्टोबर 1986 रोजी संपली आणि दोन्ही कामे एकाच पेढीला करता येऊ लागली. शब्दांचा गोंधळ वाढायला अशी एकत्र आलेली कामेही कारणीभूत आहेत, असे मला वाटते.

भाषांतर करणाऱ्यांना 'प्रिन्सिपल' हा शब्द विशेष फसवतो. दलालाच्या नात्यात ग्राहक हा प्रिन्सिपल, म्हणजे ज्याच्या वतीने व्यवहार होतो तो असतो, मात्र पेढी 'प्रिन्सिपल म्हणून' व्यवहार करते असे लिहिलेले असेल, तर ती स्वतःसाठी व्यवहार करते. तेथे 'मुख्य' किंवा 'प्रमुख' असे न लिहिता 'स्वतःच्या खात्यातून' असे सरळ लिहावे, आणि पेढी दलाल असेल तेथे 'ग्राहकाच्या वतीने'.