गायकाची ‘सद्दी’ आणि गायकाची ‘कारकीर्द’

क्लिफ रिचर्ड या ब्रिटिश गायकावरच्या एका लेखातली दोन वाक्ये पाठवून एका वाचकाने शंका विचारली आहे. ‘बीटल्स आले आणि क्लिफ यांची सद्दी संपली’ हे पहिले वाक्य (बीटल्स म्हणजे ब्रिटनमधलाच चार तरुणांचा गाजलेला गायक-वादक संच), आणि ‘त्यांची कारकीर्द साठ वर्षांहून मोठी होती’ हे दुसरे. ही वाक्ये परस्परविरोधी नाहीत का, आणि कारकीर्द हा राजे-पेशव्यांचा शब्द गायकाला लावावा का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

दुसरा प्रश्न लवकर सुटतो. कारकीर्द हा शब्द फारसीतून आला असून त्यातला ‘कार’ म्हणजे काम. थोरले माधवराव सोळाव्या वर्षी पेशवे झाले आणि १७६१ ते १७७२ ही त्यांची कारकीर्द, असे आपण म्हणतो खरे; पण शब्दाच्या मुळाशी गादी नसून काम असल्यामुळे तो मंत्र्यांकडे, खेळाडूंकडे आणि कलावंतांकडे सहज आला. सचिन तेंडुलकरची चोवीस वर्षांची कारकीर्द म्हणताना कोणालाही अडखळायला होत नाही.

सद्दी मात्र वेगळी. ज्या काळात एखाद्याचे सगळीकडे चालते, त्याच्यापुढे दुसऱ्याचे नाव निघत नाही, तो काळ म्हणजे त्याची सद्दी. ती लोकांच्या मर्जीवर आणि दिवसांच्या फेऱ्यावर अवलंबून असते, म्हणूनच ‘सद्दी संपली’ हा प्रयोग आपल्या तोंडी अधिक बसला आहे.

क्लिफ यांच्या बाबतीत हा भेद फार स्वच्छ दिसतो. १९४० मध्ये लखनौला जन्मलेला हॅरी वेब हा मुलगा १९४८ मध्ये आईवडिलांबरोबर इंग्लंडला गेला आणि १९५८ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ‘मूव्ह इट’ या गाण्याने क्लिफ रिचर्ड म्हणून पुढे आला. हे गाणे आधी तबकडीच्या मागच्या बाजूला जायचे होते, परंतु दूरचित्रवाणीचे निर्माते जॅक गुड यांनी त्याचाच आग्रह धरला आणि क्लिफ यांना कल्ले काढायला व गिटार बाजूला ठेवायला लावले, जेणेकरून ते अमेरिकी गायक एल्व्हिस प्रेस्लीची नक्कल वाटू नयेत. पुढची चार-पाच वर्षे ते ब्रिटनमधल्या किशोरवयीन मुलामुलींच्या गळ्यातले ताईत होते, आणि ही त्यांची सद्दी. १९६३ मध्ये बीटल्सचा गजर सुरू झाल्यावर ते स्थान गेले, त्यामुळे पहिले वाक्य चुकीचे नाही.

गाणे मात्र थांबले नाही. १९६८ च्या युरोव्हिजन या युरोपीय देशांच्या गीतस्पर्धेत ते अवघ्या एका गुणाने दुसरे आले. त्यानंतर ब्रिटनमध्ये तबकड्यांच्या खपाच्या यादीतला पहिला क्रमांक त्यांना थेट १९७९ मध्ये पुन्हा मिळाला, आणि मधल्या पडत्या काळातही ते ध्वनिमुद्रण करत राहिले. मला सर्वांत बोलके वाटते ते ‘लिव्हिंग डॉल’ हे गाणे. एका चित्रपटात ते आधी द्रुत लयीत होते. तबकडीसाठी लय संथ केली आणि १९५९ मध्ये ते पहिले आले. तेच गाणे १९८६ मध्ये त्यांनी विनोदी नटांच्या एका चमूबरोबर मदतनिधीसाठी पुन्हा गायले आणि ते पुन्हा पहिले आले. पहिल्या वेळचे यश सद्दीतले म्हणता येईल. दुसऱ्या वेळच्या यशाला तो शब्द लावता येणार नाही, कारण तेव्हा तरुणांचे दैवत दुसरेच होते आणि क्लिफ यांच्यामागे उभे होते ते अठ्ठावीस वर्षांचे काम. १९५० च्या दशकापासून १९९० च्या दशकापर्यंत प्रत्येक दशकात त्यांचे एखादे तरी गाणे पहिल्या क्रमांकावर गेले, आणि १९९५ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला.

तेव्हा दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी खुशाल राहू द्यावीत. दुरुस्ती हवी ती फक्त दुसऱ्या वाक्याच्या क्रियापदात: ऐंशी ओलांडल्यावर, २०२३ मध्येही क्लिफ दौऱ्यावर गात होते, म्हणून तिथे ‘मोठी होती’ ऐवजी ‘मोठी आहे’ असे लिहावे.