संगणकासाठी सोलर हवं की नुसती बॅटरी?

प्रश्न: मी बार्शीत राहते. घरूनच लहान व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते, त्यांची जीएसटीची रिटर्न भरते. आठवड्यातून दोन-तीनदा लाईट जाते, कधी तासभर, कधी तीन तास. संगणक बंद पडतो आणि काम अडतं. एका विक्रेत्याने छतावर 3 किलोवॅटचं सोलर सुचवलंय. खर्च 1 लाख 90 हजार, त्यातले 78 हजार अनुदान म्हणून परत येतील म्हणाला. घरात महिन्याला साधारण 110 युनिट वीज लागते. माझ्याकडे 2 लाखांची एफडी आहे, बाकी शिल्लक काही नाही. एफडी मोडून सोलर बसवू का?

उत्तर: ताई, एफडी मोडू नका. तुमची अडचण खरी आहे आणि त्यावर पैसे खर्च करायलाच हवेत. पण हे सोलर बसवलं तरी लाईट गेल्यावर तुमचा संगणक बंदच पडेल, हे त्या विक्रेत्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीच्या घरी हेच झालं. मे महिना, दुपारचे बारा, छतावरच्या पॅनेलला हात लावता येत नव्हता इतकं ऊन. आणि खाली घरात पंखा बंद, भाच्याचा संगणक बंद. आधी वाटलं, यंत्रच बिघडलं. बिघडलं काहीच नव्हतं. अनुदान मिळतं ते सोलर महावितरणच्या लाईनला जोडलेलं असतं, आणि लाईनमधली वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज घरात चालेल अशी करणारं यंत्र, आपोआप बंद होतो. तो तसाच बनवलेला असतो. कारण खांबावर चढलेला वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. त्या वेळी तुमच्या छतावरून लाईनमध्ये वीज गेली तर त्याच्या जिवावर बेतेल.

प्रधानमंत्री सूर्यघर योजना 2024 साली आली ती विजेचं बिल कमी व्हावं म्हणून. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, असे मिळून 78 हजार होतात. विक्रेत्याने आकडा बरोबर सांगितलाय. पण हे अनुदान आधी मिळत नाही. सोलर बसून, तपासणी होऊन ते सुरू झालं की मग खात्यात जमा होतं. तोवर तुमच्या एफडीत जेमतेम दहा हजार उरलेले असतील. तुमच्यासारखं स्वतःचं काम करणाऱ्या बाईला ना पगारी रजा, ना पीएफ. घरात उद्या कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तीच एफडी कामाला येणार आहे.

शिवाय 3 किलोवॅट तुमच्या घराला फारच जास्त होतं. आपल्याकडे एक किलोवॅट सरासरी दिवसाला चार युनिट वीज देतो. पावसाळ्यात कमी, फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त. म्हणजे तुमच्या छतावर महिन्याला साडेतीनशे युनिट तयार होणार आणि तुम्ही वापरणार 110. जास्तीची युनिट पुढच्या महिन्यात जमा धरतात, पण वर्षाअखेरीस उरलेल्या युनिटना मिळणारा भाव तुम्ही भरता त्या दरापेक्षा बराच कमी असतो. बिल वाचवण्यासाठीच सोलर करायचं झालं तर तुम्हाला एक किलोवॅट पुरेल. त्याला शंभर चौरस फूट मोकळं छत लागतं. तो विचार पुढच्या वर्षी, वेगळे पैसे साठवून करा. तो वाईट विचार नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुमचा संगणक आणि स्क्रीन मिळून 180 वॅट धरू. तीन तास लाईट गेली तर लागली अर्धा युनिट वीज. म्हणजे फार तर पाच-सहा रुपयांची! इतकी वीज उन्हातून घेतली काय आणि लाईट असताना भिंतीच्या प्लगमधून घेतली काय, तुमच्या खिशाला फरक पडत नाही. ती साठवून ठेवायला काहीतरी हवं, ते म्हणजे बॅटरी. सोलरवाला आता म्हणेल, ‘मग हायब्रिड घ्या, बॅटरीपण देतो.’ त्यानेही काम होईल, पण बॅटरीला वेगळं अनुदान नाही आणि भाव आणखी चढेल.

तुम्ही बॅटरीतली वीज लाईनच्या विजेसारखी करून देणारा साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि 150 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्युब्युलर बॅटरी घ्या. दोन्ही मिळून 20 ते 25 हजारांत बसतं. बारा व्होल्ट गुणिले दीडशे म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. इन्व्हर्टरमध्ये जाणारी वीज वजा केली आणि बॅटरी पार रिकामी करायची नाही असं ठरवलं, तरी हजारेक हाती लागतात. संगणक, राऊटर, एक पंखा, एक एलईडी दिवा मिळून 270 वॅट होतात. साडेतीन तास निघतात. रिकामी बॅटरी पुन्हा भरायला दहा-बारा तास लागतात. आठवड्यातून दोन-तीनदा लाईट जाणाऱ्या घरात तेवढा वेळ मिळतोच.

हे 25 हजार मी खर्चात धरत नाही, तुमच्या धंद्याचं साधन समजतो. महिन्याच्या 20 तारखेला, म्हणजे शेवटच्या दिवशी, संध्याकाळी लाईट गेली आणि एका व्यापाऱ्याचं जीएसटीचं महिन्याचं 3बी रिटर्न राहिलं, तर त्याला दिवसाला 50 रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर 18 टक्क्यांनी व्याज. पैसे त्याचे जातात, पण पुढच्या वर्षी तो तुमच्याकडे येत नाही.

पैसे एफडीतून काढू नका. तीन-चार महिने बाजूला टाकून रोखीने घ्या. तोवर राऊटरसाठी हजार-दीड हजारांचा छोटा डीसी यूपीएस (लाईट गेली तरी राऊटर चालू ठेवणारी छोटी बॅटरी) आजच आणा आणि 20 तारखेची कामं 17 लाच उरका. इन्व्हर्टर आला की बॅटरीसाठी महिन्याला 300 रुपयांची आवर्ती ठेव सुरू करा. चार-पाच वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. दर दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घाला. नळाचं पाणी घातलं की बॅटरी लवकर मरते. आणि हा संगणक जुना झाला की पुढचा लॅपटॉप घ्या. तो 50-60 वॅटवर चालतो, तीच बॅटरी कितीतरी जास्त पुरेल.

सोलरची खरी गरज लागते ती वळवाच्या वादळात ट्रान्सफॉर्मर जळून दोन-दोन दिवस लाईट येत नाही तेव्हा, कारण बॅटरी भरायला वीजच नसते. तुमच्याकडे असं वरचेवर होत असेल तर दोन-तीन हजार जास्त देऊन पुढे पॅनेल जोडता येईल असा सोलर इन्व्हर्टर घ्या. पॅनेल नंतर, जमेल तेव्हा.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बहुतेक वेळा एक छोटा खटका असतो. तो यूपीएस मोडवर ठेवायला सांगा, नाहीतर लाईट जाताना क्षणभर खंड पडतो आणि संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो. बसवणारा माणूस घरात असतानाच एखादी फाईल उघडी ठेवून मेन स्विच खाली पाडा. फाईल तशीच उघडी राहिली आणि राऊटरचे हिरवे दिवे विझले नाहीत, की मगच त्याच्या हातात पैसे द्या.